‘उद्याची गृहिणी’ झाली सिनेटर

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात १९६६ साली एका शाळकरी मुलीने ‘बेटी क्रॉकर उद्याची गृहिणी’ हा किताब पटकावला. मुलीचं नाव एलिझाबेथ हेरिंग. लग्नानंतर ती एलिझाबेथ वॉरन झाली, पुढे हार्वर्डमध्ये कायदा शिकवू लागली, २०१३ मध्ये सिनेटर झाली आणि २०२० च्या निवडणुकीसाठी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या मैदानातही उतरली.

ही स्पर्धा स्वयंपाकाची असणार असं वाटतं ना? अजिबात नाही. केक भाजायचा नाही, शिवण घालायची नाही, टेबल मांडायचं नाही. शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलींनी वर्गात बसून लेखी पेपर सोडवायचा! पैशाचं नियोजन, आहार, मुलांचं संगोपन असे विषय, आणि जिंकणाऱ्यांना कॉलेजच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती. म्हणजे ‘उत्तम गृहिणी’ ठरलेली मुलगी बक्षिसाचे पैसे घेऊन घराबाहेर शिकायला निघायची.

वॉरनबाईंनी पुढे आयुष्यभर अभ्यास केला तो दिवाळखोरीचा. साधी, कष्टाळू कुटुंबं कर्जात का बुडतात, हा त्यांचा विषय. २००५ साली त्यांनी मुलीबरोबर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात घरखर्चाचा एक सोपा हिशेब मांडला: हाती येणाऱ्या पगारातला निम्मा गरजांसाठी, ३० टक्के हौसमौजेसाठी आणि २० टक्के बचतीसाठी. हल्ली म्युच्युअल फंडाचा एजंट असो की यूट्यूबवरचा सल्लागार, जो तो आपल्याला हाच ५०-३०-२० चा हिशेब ऐकवतो. घराचा जमाखर्च हा हार्वर्डच्या प्राध्यापकाने हाताळावा इतका गंभीर विषय आहे, हे या बाईंनी सिद्ध करून दाखवलं.

मुलींना संसार शिकवणारे शाळेतले क्लब, स्पर्धा आणि कॉलेजं यांचा अमेरिकेतला इतिहास अशाच उलट्या वळणांनी भरलेला आहे. मुलींनी नीट घर सांभाळावं म्हणून जे दार बांधलं, त्याच दारातून हजारो बायका बाहेर पडल्या.

बेटीबाई कधी जन्मल्याच नाहीत

ज्यांच्या नावाने हा किताब मिळायचा त्या बेटी क्रॉकर कोण? कुणीच नाही. पिठाच्या एका कंपनीकडे स्वयंपाकातल्या अडचणी विचारणारी गृहिणींची पत्रं ढिगाने येऊ लागली. उत्तरावर एखाद्या बाईची सही असावी म्हणून १९२१ साली हे नाव तयार केलं. ही कंपनी पुढे जनरल मिल्समध्ये सामील झाली. पत्रांमागून बेटीचा रेडिओवर आवाज आला, १९३६ मध्ये चेहराही आला. १९४५ साली ‘फॉर्च्युन’ मासिकाने लोकप्रिय अमेरिकन स्त्रियांमध्ये तिला दुसरा क्रमांक दिला. पहिल्या क्रमांकावर होत्या एलिनॉर रूझवेल्ट.

या नावाआड काम करणाऱ्या बायका मात्र हाडामांसाच्या होत्या. पदवीधर, पगारदार, प्रयोगशाळेसारख्या स्वयंपाकघरात पाककृती पुन्हा पुन्हा करून पाहणाऱ्या. त्यांची नावं फारशी कुणाला ठाऊक नसतात, आणि मला याची खरोखर खंत वाटते.

क्लब निघाला तो उन्हाळा

आता क्लबाकडे वळू. ‘फ्यूचर होममेकर्स ऑफ अमेरिका’ म्हणजे अमेरिकेच्या भावी गृहिणी. स्थापना ११ जून १९४५, शिकागो. तारीख नीट पाहा. युरोपातलं युद्ध महिन्याभरापूर्वीच संपलं होतं, जपानशी अजून चालूच होतं. विमानं जोडणाऱ्या, जहाजांच्या पत्र्यांना वेल्डिंग करणाऱ्या लाखो बायका कारखान्यांत होत्या. सैनिक परतल्यावर या बायकांचं काय करायचं, हा प्रश्न देशासमोर उभा राहत होता. अशा वेळी शाळांमध्ये भावी गृहिणींची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

मुळात या विषयाला सरकारी पैसा मिळू लागला तो १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने. शेती, कारागिरी आणि गृहशास्त्र शिकवायला केंद्राचं अनुदान सुरू झालं. शेती शिकणाऱ्या मुलांची ‘भावी शेतकरी’ संघटना १९२८ मध्येच निघाली होती. तिच्या जोडीची मुलींची संघटना यायला आणखी १७ वर्षं गेली.

क्लबाचे रंग लाल आणि पांढरा, फूल लाल गुलाब. पायऱ्याही ठरलेल्या: आधी ज्युनियर गृहिणी, मग शाखा गृहिणी, मग राज्य गृहिणी. ती पदवी मिळवायला घरात, शाळेत आणि गावात काय काय केलं याची नोंद दाखवावी लागे. शिवण, स्वयंपाक, आई-मुलींचं स्नेहभोजन हे सगळं होतंच. पण त्या क्लबांमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती आणि तिच्याकडे मला लक्ष वेधायचंय. अध्यक्ष मुलगी, चिटणीस मुलगी, खजिनदारही मुलगीच. सभा नियमाने चालवायची, ठराव मांडायचा, अनुमोदन घ्यायचं, इतिवृत्त लिहायचं, पैशाचा हिशेब द्यायचा, आणि राज्याच्या अधिवेशनाला जाऊन माइकसमोर उभं राहायचं. त्या काळी मुलामुलींच्या एकत्र संस्थेत अध्यक्षपद बहुधा मुलाकडे जायचं आणि इतिवृत्त लिहायचं काम मुलीकडे यायचं. इथे खुर्चीवर बसायला मुलगी सोडून दुसरं कुणी नव्हतंच!

एकाच देशात दोन क्लब

त्याच १९४५ साली नॅशव्हिलमध्ये दुसरी संघटना स्थापन झाली: ‘न्यू होममेकर्स ऑफ अमेरिका’. अभ्यास तोच, वय तेच. फरक एवढाच की ती कृष्णवर्णीय मुलींसाठी होती, कारण दक्षिणेतल्या राज्यांमध्ये गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळाच वेगळ्या होत्या. पोळपाट-लाटण्यालाही वर्णभेद सुटला नाही. १९६५ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या, पण एकत्र संघटनेला नाव राहिलं ते पहिलीचंच.

मूळ पुरुष नव्हे, मूळ केमिस्ट

गृहशास्त्राची सुरुवात कुणी केली, असं विचारलं तर डोळ्यांपुढे कुणी सुगरण येते. प्रत्यक्षात ती होती केमिस्ट. नाव एलेन स्वॅलो रिचर्ड्स. ‘एमआयटी’ या जगप्रसिद्ध तंत्रसंस्थेत प्रवेश मिळालेली पहिली स्त्री, १८७३ ची पदवीधर.

प्रवेश मिळाला तोही कसा! ‘विशेष विद्यार्थी’ म्हणून घेतलं आणि फी माफ केली. गरीब म्हणून आपल्याला सवलत दिली, असं तिला वाटलं. पुढे कळलं की फी घेतली असती तर तिचं नाव विद्यार्थी म्हणून मांडावं लागलं असतं. कुणी ओरड केलीच तर ‘ती आमची विद्यार्थिनी नाहीच’ असं म्हणायची सोय संस्थेने करून ठेवली होती. मग तिने काय करावं? प्रयोगशाळेतली टेबलं पुसली, कुणाचं बोट कापलं तर पट्टी बांधली, प्राध्यापकांचे कपडे शिवून दिले. कुणाच्या डोळ्यात खुपू नये म्हणून बाईमाणसाची ही कामं करत करत ती रसायनशास्त्र शिकली.

१८८७ पासून तिने मॅसॅच्युसेट्सच्या नद्या, तळी, विहिरी यांच्या पाण्याचे हजारो नमुने तपासले. त्यातून तिने राज्याचा एक नकाशा तयार केला. समुद्राकाठच्या पाण्यात क्लोराइड मुळातच जास्त असतं आणि आत जावं तसतसं ते कमी होत जातं. ही नैसर्गिक पातळी नकाशावर रेषांनी दाखवली. आता एखाद्या गावच्या विहिरीत त्या रेषेपेक्षा क्लोराइड जास्त निघालं, तर ते आलं कुठून? सांडपाण्यातून. एक बाटली पाणी तपासायचं आणि गावाच्या गटाराचा पत्ता सांगायचा! सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात या कामाला मोठा मान आहे.

याच बाईंना वाटलं की हे विज्ञान घरोघरच्या स्वयंपाकघरात पोचलं पाहिजे. दुधात भेसळ आहे का, बेकिंग पावडरमध्ये नेमकं काय आहे, स्वस्तातला आहार पौष्टिक कसा करायचा, हे गृहिणीला कळलंच पाहिजे. १८९९ पासून लेक प्लॅसिड या थंड हवेच्या ठिकाणी दरवर्षी परिषदा भरू लागल्या आणि त्यातून १९०८ च्या अखेरीस अमेरिकेची गृहअर्थशास्त्र संघटना जन्मली. पहिल्या अध्यक्ष अर्थात रिचर्ड्स.

त्या परिषदांचे यजमान होते मेल्विल ड्यूई आणि त्यांच्या पत्नी ॲनी. हो, तेच ड्यूई, ज्यांच्या आकड्यांवर जगभरातली ग्रंथालयं चालतात. ड्यूईंच्या दशांश पद्धतीत ६४० म्हणजे गृहव्यवस्था. ग्रंथालयात ‘रुचिरा’ शोधायची असेल तर ६४१.५ च्या कपाटाकडे जा.

बाळ भाड्याने

या सगळ्या इतिहासातली सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात घडली. तिथल्या गृहअर्थशास्त्राच्या विद्यार्थिनींना काही काळ सरावाच्या घरात राहावं लागे. आठवड्याची पाळी ठरलेली: एकीकडे स्वयंपाक, एकीकडे सफाई, एकीकडे हिशेब, आणि एकीकडे बाळ. खरंखुरं, रडणारं, दूध ओकणारं बाळ! अनाथाश्रमातून किंवा बालकल्याण खात्याकडून साधारण वर्षभरासाठी आणलेलं.

पहिलं बाळ १९२० मध्ये आलं. त्याचं नाव ठेवलं डिकी डोमेकॉन. आडनाव घेतलं ‘डोमेस्टिक इकॉनॉमी’ या विषयाच्या नावावरून, आणि नंतरच्या बाळांनाही तेच आडनाव मिळालं. बाळाचं वजन, दूध, झोप, हवा, ऊन सगळ्याची घड्याळ लावून नोंद. पाळी बदलली की ‘आई’ बदलायची. वर्षभराने बाळ दत्तक जायचं, आणि शास्त्रीय पद्धतीने वाढवलेलं म्हणून अशा बाळांना मागणीही चांगली असायची.

आज वाचताना पोटात कालवतं. ज्या बाळाला एका कुशीची सवय व्हायला हवी, त्याला दर थोड्या दिवसांनी नवा चेहरा! बाळाला सतत जवळचं एक माणूस लागतं, हा विचार पुढे बालमानसशास्त्रात पक्का झाला आणि ही पद्धत मागे पडली. तरी कॉर्नेलमध्ये ती १९६९ पर्यंत टिकली. त्या विद्यार्थिनींच्या बाजूने मी एवढंच म्हणेन की संगोपन ‘आपोआप येतं’ असं न मानता ते शिकायची गोष्ट आहे, हे त्यांनी मानलं. त्यासाठी दुसऱ्याचं बाळ वापरायला नको होतं.

हे सगळं गृहशास्त्रवाल्या बायकांचं देणं

१९३३ च्या मंदीत कॉर्नेलच्या फ्लोरा रोझ यांनी माणशी साडेसात सेंटांत भागेल असं पौष्टिक जेवण आखलं. टोमॅटोच्या रसातली भरली अंडी, कुस्करलेला बटाटा, सुकवलेल्या प्लमचं पुडिंग. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये तेच जेवण घेतलं, म्हणजे जनता खाते ते राष्ट्राध्यक्षही खातो हे दिसावं.

१९२६ मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने रेडिओवर ‘आन्ट सॅमी’ आणली. अंकल सॅमची बायको! वॉशिंग्टनहून एकच संहिता जायची आणि गावोगावच्या केंद्रांवर वेगवेगळ्या बायका आपापल्या भागातल्या बोलीत ती वाचायच्या. तिच्या पाककृतींचं पुस्तक १९३२ मध्ये ब्रेल लिपीतही निघालं.

तयार कपड्यांवर मापाचे आकडे असतात ना? १९३९-४० मध्ये शेती खात्याच्याच गृहअर्थशास्त्र विभागाने देशभरातल्या सुमारे १५ हजार बायकांची मापं घेतली. एकेकीची ५९ मापं! कारण टपालाने मागवलेला झगा अंगाला बसत नव्हता. या मापांवरून १९५८ मध्ये प्रमाण ठरलं. मात्र निष्कर्ष काढताना फक्त गोऱ्या बायकांची मापं धरली, त्यामुळे ते ‘सगळ्यांचं’ प्रमाण कधी नव्हतंच.

चॉकलेट चिप कुकी ही चुकून झालेली वस्तू म्हणून सांगतात. ती रूथ वेकफिल्ड या बाईंनी बनवली. त्या १९२४ साली फ्रॅमिंगहॅमच्या कॉलेजातून गृहकला शिकून बाहेर पडल्या, शाळेत हाच विषय शिकवला, आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि मग टोल हाउस नावाचं हॉटेल चालवलं. इतकी तयारीची बाई चॉकलेटचे तुकडे पिठात चुकून पाडेल, हे पटत नाही. बायकांच्या शोधाला ‘चुकून’ म्हणायची खोड फार जुनी आहे.

पायाने दाबून झाकण उघडायची कचरापेटी आणि फ्रिजच्या दारातले कप्पे या दोन्ही गोष्टींशी लिलियन गिलब्रेथ यांचं नाव जोडलेलं आहे. त्या बारा मुलांच्या आई आणि औद्योगिक अभियंता. नवरा फ्रँक १९२४ मध्ये गेला, तेव्हा दोघांनी मिळून चालवलेल्या सल्लागार कंपनीकडे कारखानदारांनी पाठ फिरवली. एकट्या बाईकडून कारखान्याचा सल्ला कोण घेणार? मग त्यांनी स्वयंपाकघराचा अभ्यास हाती घेतला. ओटा किती उंच असावा, चूल आणि मोरी यांत किती पावलं असावीत, हे मोजून काढलं. स्वतः त्या फारशा स्वयंपाक करत नसत! १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवड झालेली पहिली स्त्री त्याच.

संसार शिकवणारी बाई अविवाहित

आता सगळ्यांत बोचरी गोष्ट. मुलींना लग्न, संसार, मूल यांचे धडे देणाऱ्या या शिक्षिका बहुधा अविवाहित असायच्या. कारण लग्न केलं की नोकरी जायची. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन, ज्यांना २०२३ चं नोबेल मिळालं, त्यांनी दाखवलंय की १९४२ च्या सुमाराला अमेरिकेतली ८७ टक्के शाळामंडळं विवाहित बाईला नोकरीवर घेत नसत, आणि नोकरीत असताना कुणी लग्न केलं तर ७० टक्के मंडळं तिला ठेवत नसत.

उलट बाजूही तितकीच खरी. विज्ञान शिकलेल्या बाईला नोकरी द्यायला तयार असलेला विभाग विद्यापीठात बहुधा एकच होता, तो म्हणजे गृहअर्थशास्त्र. ॲग्नेस फे मॉर्गन यांनी १९१४ साली शिकागोहून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. बर्कलीत त्यांना काम मिळालं ते गृहशास्त्रात. मग त्यांनी त्या विभागातच जीवनसत्त्वांवर संशोधन उभं केलं आणि १९५४ पर्यंत त्याची धुरा वाहिली. कुणी दार अडवलं तर भिंत फोडून खिडकी काढायची, अशी ही जिद्द.

गाडी बडोद्यालाही आली

नॉर्थ कॅरोलिनातल्या एका गरीब कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबातली फ्लेमी किट्रेल कॉलेजात गेली, तेव्हा तिला गृहशास्त्र घ्यायचंच नव्हतं. घरात रोज जे करतो ते कॉलेजात काय शिकायचं? पण शिक्षिकेने आग्रह धरला, तिने एलेन रिचर्ड्स यांच्याविषयी वाचलं आणि तिचं मत फिरलं. १९३६ मध्ये तिने कॉर्नेलमधून डॉक्टरेट मिळवली. पोषणशास्त्रात डॉक्टर झालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

१९५० मध्ये याच डॉ. किट्रेल सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात, आपल्या बडोद्याला आल्या आणि तिथल्या गृहविज्ञान शाखेची घडी बसवायला त्यांनी मदत केली. तेव्हा बडोद्याच्या कुलगुरू होत्या हंसा मेहता, मुलामुलींच्या एकत्र विद्यापीठाच्या भारतातल्या पहिल्या स्त्री कुलगुरू. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. ती बदलून ‘सर्व मानव’ करून घेण्याचा मान हंसाबेनचा. असा आग्रह धरणाऱ्या बाईंनी आपल्या विद्यापीठात गृहविज्ञान आणलं. म्हणजे हा विषय मुलींना मागे खेचण्यासाठीच असतो असं त्या मानत नव्हत्या, हे उघड आहे. बडोद्याची ती शाखा आजही चालू आहे, आता कुटुंब आणि समाजविज्ञान या नावाने.

दहा-बारा वर्षांत सगळं उलटंपालटं

परत अमेरिकेत. १९६३ मध्ये बेटी फ्रीडन यांचं ‘द फेमिनिन मिस्टिक’ आलं आणि सुखवस्तू घरातल्या गृहिणीची घुसमट चव्हाट्यावर आली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी स्त्रीवादी कार्यकर्त्या रॉबिन मॉर्गन यांना गृहअर्थशास्त्र संघटनेने डेन्व्हरच्या परिषदेत बोलायला बोलावलं. त्यांनी व्यासपीठावरून समोरच्या बायकांना थेट शत्रूच म्हटलं. सभागृहातल्या कित्येकींनी आयुष्य घालवलं होतं मुलींना शिकवण्यात. त्यांना काय वाटलं असेल! मॉर्गन यांचा राग मला कळतो, पण निशाण चुकलं होतं असं माझं मत आहे.

कायदाही बदलत होता. हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक यांना तरुणपणी डॉक्टर व्हायचं होतं, पण बाई म्हणून मेडिकल कॉलेजांनी दारं बंद केली होती. त्यांनी पुढाकार घेतलेला शिक्षणातल्या समानतेचा कायदा, ‘टायटल नाइन’, जून १९७२ मध्ये मंजूर झाला. त्याचे १९७५ चे नियम स्पष्ट होते: गृहशास्त्राचा वर्ग फक्त मुलींचा आणि कारागिरीचा फक्त मुलांचा, हे बंद. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्तमानपत्रांतल्या ‘पुरुष हवेत’, ‘स्त्रिया हव्यात’ अशा वेगळ्या रकान्यांच्या बंदीवर शिक्कामोर्तब केलं. १९७४ मध्ये बाईला स्वतःच्या नावावर कर्ज आणि क्रेडिट कार्ड नाकारणं बेकायदा ठरलं.

पण मला सर्वांत थक्क करणारी नोंद गोल्डिन यांची. १९६८ च्या सुमाराला अमेरिकन मुलींना विचारलं, पस्तिसाव्या वर्षी तुम्ही काय करत असाल? साधारण तिघींपैकी एकच म्हणाली, नोकरी. बाकीच्यांनी घर सांगितलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हाच प्रश्न विचारला, तर नोकरी म्हणणाऱ्या निघाल्या ८० टक्क्यांच्या आसपास. एका पिढीचाही फरक नाही! धाकटी बहीण थोरलीपेक्षा वेगळ्याच आयुष्याचा विचार करू लागली. आणि घर म्हणणाऱ्या त्या थोरल्या बहिणींपैकीही बहुतेकजणी पस्तिशीत प्रत्यक्षात नोकरीच करत होत्या. तयारी केली एका आयुष्याची आणि जगायला मिळालं दुसरंच. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कायद्याच्या कॉलेजांत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त झाली, २०१९ मध्ये मेडिकल कॉलेजांतही.

मुलगे आले!

‘भावी गृहिणीं’च्या क्लबाने काळाची चाहूल लवकर घेतली. १९७१ पासून ‘हीरो’ नावाच्या शाखा निघाल्या, गृहशास्त्राच्या जोरावर नोकरी-धंदा करू पाहणाऱ्यांसाठी: बालवाडी, हॉटेल, फॅशन, अंतर्गत सजावट. सत्तरच्या दशकात मुलगे सदस्य होऊ लागले. ‘भावी शेतकरी’ संघटनेने मुलींना १९६९ मध्येच दार उघडलं होतं.

१९९९ मध्ये ‘गृहिणी’ हा शब्दच नावातून गेला. आता ती कुटुंब, करिअर आणि समाज यांच्या नेत्यांची संघटना आहे. गुलाब आणि लाल रंग मात्र राहिले. तिच्या स्पर्धा पाहण्यासारख्या असतात. पाककलेच्या स्पर्धेत पांढरा कोट आणि टोपी घातलेल्या मुलामुलींचा चमू घड्याळाशी झुंजत जेवण रांधतो. परीक्षक फक्त चव बघत नाहीत. गाजराचे तुकडे एकसारखे झाले का, कच्च्या मांसाची पाटी भाजीपासून लांब ठेवली का, ओटा मधूनमधून पुसला का, वाया किती गेलं, याचेही गुण. शेजारच्या खोलीत कुणी मुलगा बालवाडीच्या वर्गाचा आराखडा मांडत असतो, कुणी मुलगी धंद्याचं अंदाजपत्रक.

जपानचं एक चोपडं

शेवटी जपान, कारण तिथे आपलीही एक नाळ जोडलेली आहे. टोकियोतलं जपान महिला विद्यापीठ १९०१ मध्ये निघालं, आणि त्यात गृहशास्त्राला पहिल्यापासून मानाचं पान होतं. त्या विद्यापीठाची माहिती देणारं एक चोपडं पुण्यात महर्षी कर्वे यांच्या हाती पडलं. कर्वे यांनी त्यावरून स्फूर्ती घेतली आणि १९१६ मध्ये भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं, आजचं एसएनडीटी.

त्याच जपानमध्ये शाळेतला गृहशास्त्राचा विषय पूर्वी वरच्या इयत्तांत फक्त मुलींना सक्तीचा होता. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार देशाने स्वीकारल्यावर हे बदलणं भाग पडलं. तो विषय बंद करता आला असता. जपानने तो १९९३ पासून माध्यमिक आणि १९९४ पासून उच्च माध्यमिक शाळांत मुलांनाही सक्तीचा केला. भात लावणं, गुंडी शिवणं, घरखर्च मांडणं आणि बाळाशी कसं वागायचं हे तिथला प्रत्येक मुलगा शाळेत शिकतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय तो हाच. एलेन रिचर्ड्स यांचा विषय वाईट नव्हता, तो अर्ध्या वर्गाला शिकवला जात होता ही चूक होती.

आपल्याकडे २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांनी त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घातली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांनी ९७. तेव्हा पालकहो, पुढच्या पालकसभेत एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या शाळेत स्वयंपाक, शिवण आणि घरखर्चाचा तास आहे का, आणि असेल तर त्यात मुलगे बसतात का?